जुन्या गाडीची पारख

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की आमच्या निपाणी भागात यात्रेची बोलणी सुरू व्हायची. मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीची यल्लम्मा, माघात चिंचलीची मायाक्का, चैत्रात वाडी रत्नागिरीचा जोतिबा. एस.टी. होती, मोटारी होत्या, पण यल्लम्माला निघालेलं कुटुंब म्हणजे माणसं, भांडी, पीठ, सरपण, परडी, बैलांची वैरण आणि एखादं तान्हं मूल. हा सगळा संसार कित्येक दिवस रस्त्यावर न्यायचा, तर चाकांवरचं घरच लागायचं.

त्या घराला आम्ही सवारी गाडी म्हणायचो. हुक्केरी-गोकाककडचे कानडी शेतकरी कमानीच्या छपराच्या गाडीला कोल्लारी बंडी म्हणत. मोठ्या घरात अशी गाडी वेगळी, रंगवून, झूल-घुंगरांसकट ठेवलेली असायची. आमच्यासारख्यांची एकच गाडी दोन्ही कामं करायची. साट्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडांना भोकं पाडलेली असत. त्यांत बांबूच्या जाड कामट्या वाकवून बसवायच्या, कामट्यांवर बुरडाकडून विणून आणलेल्या तट्ट्या बांधायच्या, वर ताडपत्री ओढायची आणि खाली पिंजराचा जाड थर देऊन त्यावर वाकळा अंथरायच्या. दोन जाणत्या माणसांनी हात लावला की चुलीवरचा चहा उकळेपर्यंत घर उभं. यात्रेहून परत आलं की ताडपत्रीची घडी माळ्यावर, कामट्यांची मोळी गोठ्याच्या आढ्याला, आणि गाडी दुसऱ्या दिवशी शेणखत वाहायला मोकळी.

नवी गाडी करून घेणं सगळ्यांना जमायचं नाही. चाकासाठी चांगली पिकलेली बाभूळ हवी, साट्याला साग हवा, सुतारमेटावर नंबर लावायचा, लोहाराकडून धाव आणि आख करून घ्यायचा. त्यामुळं बहुतेक घरं जुनी गाडी घेत. जुनी गाडी घेणं हे हलक्या हातानं करायचं काम नव्हतं. मुलीचं स्थळ बघायला जावं इतक्या तयारीनं माणसं गाडी बघायला जात. आमच्या घरात ही जबाबदारी आज्जाची होती, आणि त्याच्यासोबत जुनी गाडी बघायला गेलेला तो 1973 चा उन्हाळा माझ्या लहानपणातली सर्वांत मोठी शाळा होती.

आदलं वर्ष बाहत्तरच्या दुष्काळाचं. आमच्या वेदगंगेच्या काठाला विहिरींनी कसंबसं तारलं, पण पूर्वेला रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडं जमीन फुटली होती. वैरण नाही म्हणून लोक जनावरं विकत होते, आणि बैल गेल्यावर दारात उभी असलेली गाडीही विकत होते. त्याच वर्षी आमच्या गाडीचा आख वाकला आणि सुतारानं तिला हात जोडले. आज्जीनं यल्लम्माला बोलून ठेवलं होतं, पाऊस पडला आणि घर सावरलं तर पुनवेला सगळ्यांना घेऊन डोंगरावर येईन. म्हणजे गाडी हवीच होती. घटप्रभेच्या अलीकडं एका खेड्यात सवारीच्या कामाची गाडी आहे, असा निरोप हुक्केरीच्या पाहुण्यांकडून आला.

आज्जाचे काही नेम होते. पहिला नेम ऋतूचा. गाडी बघायची ती चैत्र-वैशाखात, आणि तीही दुपारी. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे आपोआप आवळले जातात, सैल आरा घट्ट वाटतो. उन्हाळ्यात लाकूड सुकून आखडतं आणि आतली प्रत्येक फट उघडी पडते. "वैशाखात लाकूड खोटं बोलत न्हाई," असं तो म्हणायचा. दुसरा नेम सुताराचा. सोबत सुतार न्यायचा, पण त्याची मजुरी आपण द्यायची, म्हणजे त्याचं मन दोन्हीकडं ओढलं जात नाही. तिसरा नेम पैशाचा. खिशात फक्त इसाराची रक्कम ठेवायची. पूर्ण पैसे जवळ असले की घाई होते.

आम्ही तिघं निघालो. आज्जा, आमचे सुतारअण्णा आणि मी. माझ्याकडं एक पिशवी होती. तिच्यात छोटी हातोडी, टोचा, सुतळीचं बंडल आणि भाकरी. निपाणीहून तवंदी घाट चढून संकेश्वर, तिथून हुक्केरी, पुढं पायी. वाटेत आज्जानं मला रिकाम्या विहिरी दाखवल्या. एका विहिरीच्या तळाशी बायका वाटीनं पाणी भरत होत्या.

त्या घरी पोचलो तेव्हा मालक ओट्यावरून उठून पुढं आला. "बर्री अज्जार, कूड्री," म्हणत त्यानं घोंगडं अंथरलं आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. आज्जाची कानडी बाजारात शिकलेली, त्याची मराठी निपाणीच्या वखारीत तंबाखूचे बोद पोचवताना शिकलेली. दोघांचं बोलणं दोन भाषांतून न अडखळता सरळ चालायचं, आमच्या भागात ते सगळ्यांचंच चालतं. आज्जानं त्या पाण्यातलं निम्मं पाणी परत केलं. त्या वर्षी कुणाच्या घरचं पाणी सांडायचं नाही एवढं आम्हां पोरांनाही कळत होतं.

गाडी लिंबाखाली उभी होती. तिला नवा रंग दिलेला नव्हता, यावरच आज्जा निम्मा खूश झाला. विकायच्या आधी रंग लागला की तो सावध व्हायचा. रंगाखाली चुन्याची लुकण असते, लुकणीखाली भेग असते. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी तिच्याभोवती दोनदा चक्कर मारली आणि मागं जाऊन उकिडवा बसला. मागून बघितलं की दोन्ही चाकं सारखी उभी आहेत का, एखादं आत झुकलंय का, साटा एका अंगाला बसलाय का, हे एका नजरेत दिसतं. मग सुतारअण्णांनी सुतळी काढली. दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मोजलं, मग मागच्या कडांमधलं. दोन्ही अंतरं जुळली तर आख सरळ. जुळली.

मग चाकं. अण्णांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एकेक आरा वाजव, पोरा. मी ऐकतो." मी आऱ्यावर हळूच ठोकत गेलो. चांगल्या आऱ्याचा आवाज खणखणीत येतो आणि हातालाही झिणझिण्या देतो. उजव्या चाकाचे सगळे आरे बोलले. डाव्या चाकाचा एक आरा बद्द वाजला. अण्णांनी टोचा घेतला आणि तो आरा चाकाच्या घेराच्या पाट्यात जिथं शिरतो तिथं दाबला. भाकरीची कड भाजली का ते आई जशी बोटानं दाबून बघायची, तसा त्यांचा हात हलका होता. टोचा नखभर आत गेला. "कुजलाय. एकच हाय, पर हाय," ते म्हणाले. आज्जानं मालकाला हाक मारून टोचा कुठं गेला ते दाखवलं.

धावेवर हातोडी मारली तर ती जागोजागी सैल वाजली. त्यात नवल नव्हतं, उन्हाळ्यात लाकूड आखडतं तेव्हा लोखंडाची धाव ढिली होतेच. आमच्याकडं म्हणून लोक उन्हाळ्यात चाकं काढून डोहात बुडवून ठेवत. पण ही धाव पाण्यानं भागण्याएवढी नव्हती, ती कापून पुन्हा सांधून बसवावी लागणार होती. मग अण्णांनी चाकाचा वरचा काठ दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवला. चाक हललं, तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, खडखड झाली. खीळ काढून चाक उतरवलं. आखाच्या टोकाला वंगण काळं आणि ओलसर होतं, तांबडी भुकटी नव्हती. तांबडी भुकटी म्हणजे गाडी कोरडी पळवली, लोखंडानं लोखंड खाल्लं. इथं तसं नव्हतं. तुंब्यातली लोखंडी नळी झिजली होती, तेवढी बदलली की काम भागणार होतं. गाडीखाली वंगणाचं बांबूचं नळकांडं टांगलेलं होतं, ते अर्धं भरलेलं होतं. बैल जाऊन कित्येक महिने झाले तरी त्या माणसानं एरंडेल आणि काजळीचं वंगण सुकू दिलं नव्हतं. आज्जा ते नळकांडं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

साट्याच्या खालच्या अंगाला तो पाठीवर झोपून सरपटत गेला. जिथं शेण आणि पाणी साचतं तिथं लाकूड आधी मरतं. वाळवीची माती कुठं दिसते का, भुंग्याचा बारीक भुगा पडतो का, हे त्यानं बोटं फिरवून बघितलं. दांड्यांना चीर नव्हती. ऊस किंवा दगड वाहिलेल्या गाडीच्या दांड्या साट्यापाशी तडकतात. या गाडीनं तंबाखू, कडबा आणि माणसं वाहिली होती. शेवटी त्यानं जू मागितलं. जुवावर हात फिरवून, जिथं बैलाची मान टेकते ती जागा गुळगुळीत आहे का हे तो डोळे मिटून तपासायचा. तिथं खरखर असली किंवा बाक चुकला असला की बैलाला खांदा येतो, मान सुजते आणि यात्रा वाटेतच राहते. ते जू काचेवर फिरावा तसा हात फिरेल इतकं घासलेलं होतं.

छपराचं सामान घरातून आलं. कामट्या सरळ झाल्या होत्या, म्हणजे काढल्यावर त्या वाकवून बांधून ठेवल्या नव्हत्या. नव्या लागणार होत्या. ताडपत्री उलगडून आज्जानं आधी वास घेतला. ओली घडी घातली की ताडपत्री आतून कुजते आणि त्याचा वास धुऊन जात नाही. मग ती दोघांनी उन्हात धरली आणि मला खालून बघायला लावलं. भोकांतून ऊन ठिपक्यांनी माझ्या अंगावर पडलं. ती भोकं कोपऱ्यात होती, ठिगळानं भागण्यासारखी.

शेजारच्याचे बैल मागून गाडी जुंपली आणि गल्लीच्या धुळीतून थोडी चालवली. आज्जा गाडीकडं बघत नव्हता, तो धुळीत उमटलेल्या चाकोऱ्या बघत होता. उजवी चाकोरी सरळ रेघ. डावी किंचित नागमोडी, कुजलेल्या आऱ्यामुळं.

इथवर जे झालं ते कुठल्याही जाणत्या शेतकऱ्यानं केलं असतं. त्यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

ओट्यावर बसल्यावर आज्जानं दोष एकेक करून मोठ्यानं सांगितले. आरा एक, धाव डावीकडची, तुंब्यातल्या नळ्या, कामट्या, ताडपत्रीचे कोपरे. मालक मान खाली घालून ऐकत होता. मग त्याच आवाजात आज्जानं गुणही सांगितले. आख सरळ आहे. दांड्या अखंड आहेत. जू उत्तम आहे. आणि तुंबे जुन्या पिकल्या बाभळीचे आहेत, आता असं लाकूड सुताराला मिळत नाही, हे अण्णांनी सांगितलं. मालकाला ते ठाऊक नव्हतं. गाडी त्याच्या वडिलांनी घेतलेली होती. त्यानं सांगितलेली किंमत दुष्काळातली होती, अडलेल्या माणसाची होती. आज्जानं अण्णांना विचारलं, "एरवीच्या सालात हिची काय किंमत झाली असती?" अण्णांनी सांगितलं. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा केला आणि उरलेली रक्कम आज्जानं बोलली. ती मालकानं मागितल्यापेक्षा जास्त होती.

परत येताना अण्णा जरा कुरकुरले. आज्जा म्हणाला, "आपण गाडीची पारख कराय आलतो, त्याच्या अडचणीची न्हवं." एवढंच. त्यावर पुढं घरात कधी चर्चा झाली नाही.

इसार दिला, पान-सुपारी झाली. चार दिवसांनी पूर्ण पैसे आणि आमचे बैल घेऊन आप्पा गाडी आणायला गेले तेव्हा मीही गेलो होतो. घरच्या बाईनं दोन्ही चाकांना पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, जुवाला हात लावून तो हात कपाळाला नेला. मग आत जाऊन कापडात बांधलेली मूठभर ज्वारी आणली आणि साट्यात ठेवली. दुष्काळात मूठभर ज्वारी. रिकामी गाडी घरातून पाठवायची नाही म्हणून. आईनं ती ज्वारी बियाण्याच्या मडक्यात मिसळली.

पुढचे महिने दुरुस्तीचे. त्यातलं धाव बसवणं म्हणजे सगळ्या गल्लीचा सोहळा. लोहारानं धाव कापून, टोकं तापवून सांधली आणि ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवली. मेटासमोर जमिनीवर ती आडवी ठेवून सभोवती शेणी रचल्या आणि पेटवल्या. लोखंड लाल झालं की वाढतं, तेवढ्याच वेळात ते चाकावर बसलं पाहिजे. तिघं सांडशी घेऊन धावले, धाव उचलून चाकावर टाकली, घणाचे ठोके पडले, लाकडानं पेट घेतला, धूर झाला, आणि लगेच घागरी रिकाम्या होऊ लागल्या. पाणी पडताच लोखंड आखडायला लागलं आणि आरे, पाटे, तुंबा सगळे कड्‌कड् आवाज करत एकमेकांत घट्ट शिरले. नवा आरा त्या आवाजात पक्का झाला. चाक उभं करून मला वाजवायला दिलं. सगळे आरे एका सुरात बोलले.

त्या साली पाऊस चांगला झाला. कर्नाटकी बेंदराला बैलांची खांदेमळण झाली, तीळ-भुईमूग निघाला, तंबाखूची लावण उरकली. मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती. आम्ही गाडी घेतली तेव्हा आमचं राज्य म्हैसूर होतं. 1 नोव्हेंबर 1973 ला त्याचं नाव कर्नाटक झालं. 1956 पासून आमच्या भागाच्या मनात सीमाप्रश्नाची जी सल आहे ती नावानं मिटली नाही, पण गाडी मात्र मराठी सुतार, कानडी मालक आणि मुसलमान लोहार अशा तिघांच्या हातांनी रस्त्याला लागली होती.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. बैलांना पत्र्या ठोकल्या, आखाला वंगण दिलं, गाडीखाली कंदील टांगला, मागं झोळीत वैरण. तवंदी घाटाच्या चढाला सगळी मोठी माणसं खाली उतरली. आप्पा बैलांपुढं, काका मागं हातात दगड घेऊन, बैल थांबले की दगड चाकामागं. छपराखाली आज्जी, आत्ती आणि आम्ही पोरं. संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभेचा पूल, गोकाक. गोकाकला डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याचा करदंट घेतला. त्याआधी घटप्रभेच्या अलीकडं, जिथून ही गाडी आली होती त्या फाट्यावर, मालक बायकापोरांना घेऊन उभा होता. आज्जानं त्याला आधीच निरोप धाडला होता. ते सगळे आमच्या गाडीत चढले, त्यांच्याच गाडीत, आणि यरगट्टीमार्गे आम्ही एकत्र डोंगरावर गेलो. जोगळभावीला आंघोळी झाल्या, "उदं गं आई उदं" म्हणत चढलो, परड्या भरल्या, दोन्ही घरच्या बायकांनी एकाच चुलीवर पुरणपोळी, कडबू आणि वांग्याची भाजी केली. नैवेद्यही एकच झाला. रात्री दहिवर पडायचं, ताडपत्री बाहेरून ओली व्हायची आणि आत आम्ही वाकळांत कोरडे असायचो. आज्जी अंधारात ताडपत्रीवरून हात फिरवून बघायची आणि म्हणायची, "ठिगळ धरलंय."

त्या गाडीनं पुढं खूप काही बघितलं. मार्च 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं तिथं राहिली. आमच्या गावच्या सवारी गाड्यांना यात्रेच्याच कामट्या आणि त्याच ताडपत्र्या चढल्या. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी गेले. यात्रेला जाणारी गाडी हक्कासाठीही उभी राहते, हे आमच्या पिढीनं त्या रस्त्यावर बघितलं.

त्याच सुमाराला बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी बैलगाडीचा प्रश्न देशापुढं मांडत होते. लोखंडी धाव रस्ता फोडते, जुवाचा भार बैलाच्या मानेवर येतो, गाडी सुधारली पाहिजे, असं ते तळमळीनं सांगत. आमच्याकडं ऊस वाढला तशा रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले. सुतारमेटं दाराच्या चौकटींकडं वळली. आज बेळगावच्या येळ्ळूर, अनगोळ, वडगावकडून आणि आमच्या निपाणीकडून सौंदत्तीला जाणारे कितीतरी लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात. ट्रॉलीवर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री. घर तेच, चाकं बदलली.

म्हणूनच मला पोरांना कळकळीनं सांगावंसं वाटतं. ट्रॉली ही माल वाहण्यासाठी असते. तिच्यातून माणसं नेणं कायद्याला धरून नाही, आणि दर हंगामात अपघातांच्या बातम्या वाचून जीव कळवळतो. माणसांसाठी बस करा, टेम्पो करा, सामानापुरती ट्रॉली ठेवा. आणि जुनी ट्रॉली घेणार असाल तर आज्जानं बघितली तशी बघा. चॅसीच्या सांध्यावर नव्या वेल्डिंगची रेघ आहे का, हुकाची पिन झिजली आहे का, चाक हलवलं तर बेअरिंग खडखडतं का, मागचे लाल दिवे लागतात का. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर आतून तडकलेलं असतं. आणि कागदपत्रं मालकाच्या नावावर आहेत का, हे इसाराच्या आधी बघायचं, नंतर नाही.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. मुलांना घेऊन जंगलात, तळ्याकाठी राहायला जायचं म्हणून त्याला मोटारीमागं जोडायची घडीची गाडी घ्यायची होती, जुनी. खाली पेटीसारखा सांगाडा, वरचं छप्पर हँडल फिरवून उचलायचं, दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या बाहेर ओढायच्या, सभोवती कापडाच्या भिंती. तो वर्णन करत होता आणि मला आमच्या कामट्या, तट्ट्या आणि ताडपत्री दिसत होती. "मामा, काय बघू?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. कापड उलगडून आधी वास घे, ओलं घडी केलं असेल तर कळेल. आत उभा राहून बाहेरचं ऊन कुठून दिसतं ते बघ. तळाची फळी पायानं दाबत कोपऱ्यापर्यंत जा, पाणी कोपऱ्यातच मुरतं. छप्पर एकदा नाही, तीनदा उचलून खाली घे. चाक वर उचलून हलव, वंगण कुठल्या रंगाचं आहे ते बघ. मोटारीमागून चालवून घे आणि तू मागून बघ. आणि ती माणसं ती का विकताहेत, ते बसून विचार. त्यानं ते सगळं केलं. विकणारं जोडपं म्हातारं होतं, मुलं मोठी होऊन लांब गेली होती. सगळे दोष लिहून झाल्यावर भाच्यानं त्यांना गुणही सांगितले, हे त्यानं मला मुद्दाम कळवलं. त्यांनी जाताना आपल्या मुलांच्या वेळचा कंदील गाडीत ठेवून दिला.

महाराष्ट्र शासनानं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. चाकांवरच्या घरातून फिरायला जाण्याची हौस आता शहरात नव्यानं येते आहे, आणि ती यावी असं मला मनापासून वाटतं. या हौसेतून जुन्या गाड्यांचा बाजारही उभा राहील. त्या बाजारात आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची रीत रुजावी, एवढी माझी इच्छा आहे. पारख करायला शिका, आणि कसून करा, कारण त्या छपराखाली तुमची म्हातारी आई आणि लहान लेकरं झोपणार आहेत. पण जे सापडेल ते समोरच्याच्या तोंडावर सांगा. दोष सांगा, तसे गुणही सांगा, त्याला ठाऊक नसलेले गुण तर नक्की सांगा. त्यानंतर जी किंमत ठरेल ती दोघांनाही पुढं कधी बोचणार नाही, आणि वाटेत त्याचं गाव लागलं तर त्याच्या दारात गाडी थांबवता येईल.